ब्रॉयलरच्या कोंबडीखतातली अँटिबायोटिक्स काळ्या जमिनीत किती दिवस टिकतात? केळीच्या कांदेबागेआधी काय करावं?

केळी_यावल:

राम राम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण माहिती पूर्ण दिली तर उत्तर नेमकं मिळेल म्हणून सगळं लिहितो.

यावल तालुक्यात चार एकर काळी खोल जमीन. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के, मुक्त चुना ९ टक्के. ऑक्टोबरात कांदेबाग लावायची आहे, जी-नाईन जातीची केळी, ठिबकवर. आत्ता एप्रिल आहे आणि ब्रॉयलर शेडमधलं १२ टन कोंबडीखत मिळतंय. तुसाचं लिटर (पक्ष्यांखालचं अंथरूण) आहे, बॅच नुकतीच उचलली. साधारण ७,००० पक्ष्यांची बॅच होती. पक्षी तीन आठवड्यांचे असताना 'एन्रो' (एन्रोफ्लॉक्सॅसिन) पाच दिवस पाण्यातून दिलं आणि खाद्यात सीटीसी (क्लोरटेट्रासायक्लिन) होतं, एवढं शेडवाल्याने स्वतःहून सांगितलं.

शिवाय गोठ्यात सहा गाई आहेत. दोघींना दगडी (कासेचा दाह) झाल्यामुळे इंजेक्शनं आणि सडात ट्यूब चालू आहेत. शेण उकिरड्यावर जातं, थोडं जीवामृतासाठी काढतो.

विचारायचं ते असं: ही औषधं जमिनीत किती टिकतात? केळीच्या घडात उतरतात का? आणि गावात सगळे म्हणतात तसं खत मे महिन्याच्या उन्हात पसरून ठेवलं तर ४५ डिग्रीत औषध जळून जातं का?

---

माती_धुळे:

दादा, शेडवाल्याने औषधाचं नाव सांगितलं ही मोठीच सोय झाली. "अँटिबायोटिक किती दिवस टिकतं" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. पेनिसिलिन आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन यांच्यात या बाबतीत एरंड आणि साग यांच्याएवढा फरक आहे. तुमच्या मातीच्या हिशेबाने एकेक घेतो.

जनावराच्या पोटातून औषध पूर्ण पचून बाहेर पडत नाही. औषधाप्रमाणे दिलेल्या मात्रेचा ३० ते ९० टक्के भाग शेण-मूत्रातून जसाच्या तसा किंवा अजून काम करणाऱ्या रूपात येतो. एन्रो तर शरीरात अंशतः सिप्रोफ्लॉक्सॅसिन होतं, आणि सिप्रो स्वतःच पूर्ण ताकदीचं अँटिबायोटिक आहे. म्हणजे रूप बदललं तरी काम संपत नाही.

पेनिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रिॲक्सोन या गटातल्या औषधांची रासायनिक कडी पाण्यात आणि जिवाणूंच्या एन्झाइमने पटकन तुटते. ओल्या शेणात, मातीत काही तास ते काही दिवस. जमिनीत यांचा साठा होत नाही.

सीटीसी, ओटीसी (ऑक्सिटेट्रासायक्लिन), डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) हा टेट्रासायक्लिन गट चिकट आहे. आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते, तिचे थर पुस्तकाच्या पानांसारखे. टेट्रासायक्लिनचे रेणू त्या पानांमध्ये शिरून बसतात. शिवाय कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे रेणू आणि माती यांच्यात पुलासारखे उभे राहतात. ९ टक्के चुना म्हणजे असे पूल भरपूर. त्यामुळे पाण्याबरोबर हे फारसं वाहत नाही, पण जागेवर बसून राहिल्यामुळे जिवाणूंच्या तोंडीही लवकर लागत नाही. निम्मं व्हायला तीन आठवड्यांपासून तीन-चार महिने धरा. सीटीसीच्या बाबतीत सामू ८ तुमच्या बाजूने आहे: अल्कधर्मी ओलाव्यात सीटीसीचा रेणू वळून आयसो-सीटीसी होतो आणि त्यात जवळपास दम उरत नाही. ओटीसी, डॉक्सीला ही सवलत नाही.

सल्फा गट बरोबर उलटा. सामू ८ ला सल्फाडायझिन, सल्फाडिमिडिन यांच्यावर ऋण भार येतो, चिकणमातीवरही ऋण भारच, म्हणून माती त्यांना धरत नाही. ते पाण्याबरोबर चालतात. मातीत मोकळं राहिलेलं सल्फा काही दिवस ते दोन-तीन आठवड्यांत घटतं, पण त्याआधी मोठा पाऊस किंवा पाटपाणी मिळालं तर विहिरीकडे निघतं. आणखी एक: जनावराचं यकृत सल्फावर अ‍ॅसिटिल गट चढवून ते निकामी करतं, पण साठवलेल्या शेणात जिवाणू तो गट परत काढतात आणि औषध पुन्हा जिवंत होतं. त्यामुळे "शेणात कमीच होतं" हा अंदाज सल्फाला लागू करू नका.

आता तुमचा खरा विषय, एन्रो. फ्लोरोक्विनोलोन गट टेट्रासायक्लिनपेक्षाही घट्ट बसतो आणि सगळ्यांत जास्त टिकतो. अंधारात, मातीत पुरलेलं असेल तर महिने नव्हे, वर्षाच्या हिशेबात. याचा एकच मोठा शत्रू म्हणजे सूर्यप्रकाश.

यावर तुम्ही म्हणाल, मग उन्हात पसरवायचं ते बरोबरच! नाही. प्रकाश खताच्या वरच्या एक-दोन मिलिमीटरपलीकडे जात नाही. तीन इंच जाडीच्या थरात वरची साल सोडली तर बाकी सगळं अंधारात असतं. राहिला प्रश्न ४५ डिग्रीचा. एवढ्या उष्णतेने ही औषधं तुटत नाहीत. ती तोडतात ओलाव्यात काम करणारे जिवाणू, आणि मे महिन्यात पसरलेलं खत दोन दिवसांत कडकडीत वाळतं. वाळलं की जिवाणू झोपले. औषध जसंच्या तसं खतात राहतं, उडून जातो तो अमोनिया, म्हणजे तुम्ही पैसे मोजलेला नत्र. नुकसान दोन्हीकडून.

आता आकडा काढू, नुसत्या भीतीवर निर्णय नको. पक्षी तीन आठवड्यांचा, सरासरी १ किलो. एन्रोची मात्रा किलो वजनाला १० मिलिग्रॅम, पाच दिवस. ७,००० × १० × ५ = ३५० ग्रॅम. त्यातलं निम्मं एन्रो-सिप्रोच्या रूपात लिटरमध्ये आलं असं धरलं तर १७५ ग्रॅम, १२ टनांत. म्हणजे किलो खताला साधारण १५ मिलिग्रॅम. चार एकरांवर सारखं पसरलं तर एकरी ३ टन खत, त्यात ४४ ग्रॅम औषध. एकराचा वरचा १५ सेंटिमीटर मातीचा थर सुमारे ८ लाख किलो भरतो. ४४ ग्रॅम भागिले ८ लाख किलो, उत्तर किलो मातीला ५५ मायक्रोग्रॅम.

पशुऔषधांच्या पर्यावरण तपासणीत १०० मायक्रोग्रॅम ही आंतरराष्ट्रीय रेषा आहे. अंदाज तिच्यावर गेला की त्या औषधाचे जमिनीतल्या जिवांवरचे परिणाम सविस्तर तपासावे लागतात. १०० च्या खाली सगळं सुरक्षित असा तिचा अर्थ नाही, पण तुलनेला काहीतरी हाताशी असतं. तुम्ही ५५ वर आहात. मात्र केळीला खत कुणी चौफेर फेकत नाही, सरीत किंवा खड्ड्यात घालतं. पाव क्षेत्रात घातलं तर त्या पट्ट्यात तोच आकडा २२० होतो, आणि केळीची पांढरी मुळं नेमकी तिथेच असतात. पुढच्या वर्षी पिलबागेला (त्याच झाडांच्या पिलांवर धरलेल्या बागेला) पुन्हा तसंच खत पडलं तर वरती भर, कारण पहिलं गेलेलं नसेल.

घडात उतरण्याबद्दल: केळीच्या फळाची काळजी करू नका. झाड मातीतून ही औषधं घेतं ते किलोला काही मायक्रोग्रॅम, तेही मुख्यतः मुळात, मग पानांत. फळापर्यंत नगण्य. काळजी करायची ती मातीतल्या जिवाणूंची आणि बांधावर लावलेल्या मेथी-कोथिंबिरीची.

---

काळी_कसदार:

माती_धुळे यांनी सांगितलंय की काळी माती एन्रो आणि सीटीसी दोन्ही घट्ट धरते. मग जे धरलं गेलं ते कामातूनच गेलं ना? जिवाणूला मिळतच नाही. आपल्याकडे तापीकाठी पिढ्यान्पिढ्या खत पडतंय, काळी जमीन सगळं पोटात घेते. मला वाटतं एवढा हिशेब हलक्या जमिनीवाल्यांनी करावा.

---

माती_धुळे:

भाऊ, अर्धी गोष्ट खरी आहे. मोकळ्या द्रावणात असतो तेवढा जोर मातीला चिकटलेल्या औषधाला राहत नाही. पण तो शून्य होत नाही. चिकणमातीला बांधलेल्या टेट्रासायक्लिनवरही जिवाणू वाढवून पाहिले तर त्यांची वाढ दबलेली दिसते. आणि प्रतिकारक जिवाणू निवडले जायला मारक मात्रा लागतच नाही. साधा जिवाणू जरासा मंदावला आणि प्रतिकारकाला तेवढीच सवड मिळाली, तरी काही महिन्यांत पारडं झुकतं.

दुसरं, काळी जमीन धरते ती ओली असताना. मे अखेरीस तुमच्या शेतात जाऊन भेग पाहा, हात कोपरापर्यंत जातो. तीन-तीन फूट खोल भेगा असतात. जूनच्या पहिल्या सरीचं पाणी मातीतून झिरपत नाही, भेगेतून सरळ खाली पडतं आणि खताची भुकटी, औषध चिकटलेले चिकणमातीचे कण सगळं घेऊन जातं. जी माती औषध गाळून धरणार होती तिला स्पर्शच होत नाही. म्हणून भेगाळलेल्या रानात कच्चं कोंबडीखत पसरून पावसाची वाट पाहणं ही काळ्या जमिनीतली सर्वांत वाईट पद्धत. आधी वखराची पाळी देऊन भेगा बुजवा, खत टाकलं की त्याच दिवशी मातीआड करा. उताराच्या शेतात नाल्याकडची कडेची १० मीटर पट्टी खताविना सोडा, कारण घट्ट बसलेलं औषध वाहून जातं ते मातीच्या कणावर बसूनच.

---

गोठा_डॉक्टर:

दगडीच्या गाईंबद्दल लिहितो, तो भाग सुटायला नको.

जीवामृतासाठी औषध चालू असलेल्या गाईचं शेण-गोमूत्र वापरू नका. कारण घरातलंच आहे. अँटिबायोटिक दिलेल्या गाईच्या दुधाला विरजण लागत नाही, दही धरत नाही, हे गोठ्यातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. जीवामृत म्हणजेही एका अर्थी विरजणच: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधाची माती. ज्या जिवाणूंसाठी गूळ-बेसन घालता त्यांच्याच ताटात औषध वाढायचं कशाला? त्यातून जे जिवाणू तगतात ते औषधाला दाद न देणारे, आणि तेच २०० लिटर तुम्ही ठिबकमधून झाडागणिक पोचवता. सहापैकी चार गाई निरोगी आहेत, १० किलो शेण त्यांचंच घ्या.

किती दिवस वेगळं ठेवायचं? सेफ्ट्रिॲक्सोनसारख्या इंजेक्शनला शेवटच्या मात्रेनंतर पाच दिवस पुरतात. एन्रो आणि सल्फाला दहा. लाँग ॲक्टिंग ओटीसी मात्र स्नायूत साठून हळूहळू सुटतं; ४०० किलोच्या गाईला किलोला २० मिलिग्रॅमने ८ ग्रॅम औषध जातं, त्याला पंधरा दिवस द्या. औषध कोणतं हे आठवत नसेल तर सरसकट पंधरा. गाईच्या गळ्यात लाल दोरा बांधा आणि भिंतीवर खडूने तारीख लिहा. सालदाराने शेण भरताना नुसता दोरा पाहिला तरी काम होतं, वही कुणी उघडत नाही.

हे वेगळं काढलेलं शेण फेकायचं नाही. ते उकिरड्याच्या मधोमध, गरम भागात गाडा. सहा गाईंच्या ढिगात दोघींचं दहा-पंधरा दिवसांचं शेण म्हणजे फार नाही, आणि दगडीच्या बहुतेक ट्यूब पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन गटातल्या, त्या गरम ओल्या ढिगात सर्वांत आधी तुटतात.

औषधाच्या गाईचं दूध वासरांना पाजण्याची पद्धत आहे, ती मोडा. वासराच्या पोटात कमी मात्रेत रोज औषध जाणं म्हणजे प्रतिकारक जिवाणू घरी तयार करणं, आणि ते त्याच्या शेणातून उकिरड्यात येतात. तेही दूध ढिगात ओता. लेबलवर वेगळी मुदत नसेल तर दुधाला किमान ७ दिवस आणि मांसाला २८ दिवस थांबायचं, हा २०१२ पासूनचा नियम आहे. तो खाण्यासाठी आहे, शेणखतासाठी असा नियम नाही, म्हणून वरचे दिवस मी स्वतंत्र सांगितले.

गोबरगॅस असेल तर एखाद्या गाईच्या औषधाने प्लँट बंद पडत नाही. पण सगळ्या गोठ्याला एकदम कोर्स चालू असेल तर ते आठ-दहा दिवस शेण प्लँटमध्ये घालू नका, गॅस उतरतो आणि पुन्हा चढायला वेळ घेतो. स्लरीत औषध पूर्ण तुटतं हेही धरून चालू नका. गोबरगॅसची उष्णता ३०-३५ डिग्री, ढिगाची ६०.

कोंबडीखत घेणाऱ्यांनी शेडवाल्याला आणखी एक विचारावं: कोलिस्टिन दिलंय का? माणसांच्या अगदी शेवटच्या टप्प्यातल्या उपचाराचं हे औषध, म्हणून अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना आणि त्यांच्या खाद्यात ते देण्यावर देशात जुलै २०१९ पासून बंदी आहे. उत्तर "हो" आलं तर ते खत घेऊच नका.

---

ढीग_चोपडा:

१२ टनांचं नेमकं काय करायचं ते सांगतो. एप्रिलमध्ये खत हातात आणि लागण ऑक्टोबरात, म्हणजे हाती पाच महिने. त्याचा पुरेपूर उपयोग करा. उपाय शेतात नाही, ढिगात आहे. एकदा मातीत गेलेलं एन्रो बाहेर काढायला कुणाकडे औषध नाही.

ब्रॉयलर लिटरमध्ये नत्र जास्त, कर्ब कमी. एकट्याचा ढीग लावला तर तापतो खरा, पण अमोनिया उडतो आणि आत दगडासारखा बसतो. त्यात काडीकचरा हवा. या दिवसांत कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पडलेल्या असतातच. ट्रॅक्टरच्या श्रेडरने बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. वजनाने तीन भाग कोंबडीखताला दोन भाग पऱ्हाटीचा भुगा. म्हणजे १२ टनांना ८ टन. कर्ब-नत्र प्रमाण २० च्या आसपास येतं. २५ ते ३० आलं तर उत्तमच, पण त्यासाठी १५ टनांच्या वर पऱ्हाट्या लागतील आणि तेवढ्या वाहून आणणं परवडत नाही. (पऱ्हाट्यांतल्या गुलाबी बोंडअळीचाही यात निकाल लागतो. नाहीतर बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या म्हणजे पुढच्या हंगामाचं अळीचं बियाणंच.)

खरी अडचण पाण्याची. लिटरमध्ये ओल २५ टक्के, पऱ्हाटीत १०. ढिगाला हवी ५५. हिशेब केला तर सुरुवातीलाच १६,००० लिटर पाणी लागतं, म्हणजे ५,००० चे तीन टँकर आणि वर थोडं. "एवढं कशाला, वरून शिंपडतो" असं करणाऱ्यांचे ढीग फसतात. थर लावतानाच भिजवा: एक फूट पऱ्हाटी, अर्धा फूट कोंबडीखत, पाणी, पुन्हा तसंच. मूठ दाबली तर बोटांच्या सांदीतून एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये.

ढीग ५ फूट उंच, तळाला ८ फूट रुंद. एवढ्या मालाला ९० फूट लांबी लागेल. ४५ फुटांच्या दोन ओळी केल्या तर पलटायला सोपं. जागा उंचवट्यावर, विहीर-बोअरपासून निदान १०० फूट लांब, तळाला वीतभर पऱ्हाट्यांचा थर म्हणजे रस जमिनीत उतरणार नाही. मे महिन्यात वरून जुन्या केळीची पानं किंवा दादर ज्वारीचा कडबा अंथरा, नाहीतर उन्हाने बाहेरचा फूटभर थर कोरडाच राहतो. चुना मुळीच टाकू नका, अमोनिया झपाट्याने उडतो. वास डोळ्यांत झोंबत असेल तर टनाला २० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि थोडा भुगा वाढवा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत ५५ च्या वर जायला हवं. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई दोन फूट आत खुपसून पंधरा मिनिटांनी ओढा: टोक मुठीत धरवत नसेल तर ढीग तापलाय. कोमट लागली तर पाणी किंवा हवा, दोहोंपैकी एक कमी आहे. ७० च्या वर गेला तरीही चांगलं नाही, काम करणारेच जिवाणू मरतात. तेव्हा पलटी द्या, पाणी मारा.

लक्ष्य हे: १५ दिवस ५५ च्या वर, आणि त्या १५ दिवसांत ५ पलट्या. पलटी म्हणजे नुसतं उकरणं नव्हे. बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. कडेचा थंड थर ढिगाचा पाव हिस्सा तरी असतो, तो आत गेलाच नाही तर पाव खत कच्चंच राहिलं असं समजा. प्रत्येक पलटीला दीड-दोन हजार लिटर पाणी.

ढीग फोडल्यावर आत राखेसारखे पांढरट करडे पट्टे आणि धुरळा दिसला तर लोक खूश होतात, "खत पिकलं" म्हणतात. ते पिकणं नाही. आत गरम होता पण कोरडा पडला, त्याची ती खूण. तिथे औषध तुटणं थांबलेलं असतं. त्या भागाला पाणी देऊन पुन्हा लावा. पिकलेला माल गडद तपकिरी, हाताला गार, पावसानंतरच्या मातीचा वास.

१५ दिवसांच्या तापानंतर ढीग शांतपणे सहा ते आठ आठवडे मुरू द्या. जूनला ताडपत्री टाका, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी. सप्टेंबरात खत तयार.

यातून मिळतं काय? सीटीसी-ओटीसी अशा ढिगात बहुतांश तुटतं, सीटीसी तर सर्वांत आधी. टायलोसिन (हेही पशुपालनात वापरलं जाणारं अँटिबायोटिक) निम्म्याच्या वर. सल्फाडिमिडिन मात्र काही ढिगांत अजिबात तुटत नाही, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. एन्रो-सिप्रो घटतं, पण सीटीसीइतकं नाही. म्हणून तुमच्या लॉटला ढिगाशिवाय आणखी एक बंधन घालून घ्या: यंदा एकरी ३ टन टाकलं तर पुढची दोन वर्षं त्या शेतात पोल्ट्रीचं खत नाही, फक्त गोठ्याचं. आणि ते सरीत न घालता पसरून वखराने मिसळा, वरचा २२० चा आकडा तिथेच चौथाईवर येतो.

---

साक्री_मुरमाड:

इकडे साक्रीच्या पश्चिमेला हलकी मुरमाड जमीन, वीतभर माती आणि खाली मुरूम. विहीर शेतातच. अशा ठिकाणी मेथी, कोथिंबीर, मुळा घेतो. काय वेगळं करावं? आणि उन्हाळ्यात ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या शेतात बसवतो, त्याचं काय?

---

माती_धुळे:

मुरमाडात धरणारी चिकणमाती कमी, म्हणून टेट्रासायक्लिनही थोडं हलतं आणि सल्फा तर सरळ विहिरीत. सल्फा दिलेल्या शेडचं खत हलक्या जमिनीत पावसाळ्याच्या तोंडावर टाकूच नका. रब्बीला, बेताच्या पाण्यावर टाका. विहिरीभोवती निदान ५० फूट पोल्ट्रीखत नको.

मेथी-मुळ्याला कच्चं खत नाहीच. पानं आणि मुळं हेच झाडाचे औषध ओढणारे भाग, आणि आपण नेमके तेच खातो, तेही कच्चे. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात खाण्याचा भाग मातीला टेकत असेल तर कच्चं खत टाकल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस लागतात. मेथी ३० दिवसांची. म्हणजे कच्चं खत आधीच्या पिकाला गेलेलं असेल तरच जमतं. तो नियम रोगजंतूंसाठी केलेला आहे, औषधासाठी नव्हे. ओटीसी १२० दिवसांत निम्म्यावर किंवा त्याखाली येईल, एन्रो तेवढंही नाही.

---

गोठा_डॉक्टर:

मेंढ्यांना अँटिबायोटिक क्वचित, जंतनाशक नेहमी. मेंढपाळाला एवढंच विचारा की आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कधी दिलं. लेंडीतून ते दोन आठवडे तरी उतरतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. मग लेंड्या मातीत कोण नेणार? इंजेक्शनला पंधरा दिवस झाल्यावर कळप बसवा. एरवी लेंडीखतासारखं खत नाही.

---

केळी_यावल:

खूप नेमकी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. मे महिन्यात माझ्या बोअरला तासाला जेमतेम ३,००० लिटर पाणी असतं आणि जुन्या बागेलाही द्यावं लागतं. सगळा ढीग एकदम लावला नाही तर चालेल का? आणि मातीत किंवा खतात औषध राहिलंय का हे कुठे तपासून मिळतं?

---

ढीग_चोपडा:

दोन ओळी करायच्या आहेतच, तर पहिली एप्रिलअखेर लावा, दुसरी पंधरा दिवसांनी. एका ओळीला ८,००० लिटर, म्हणजे तुमच्या बोअरचे तीन तास. थांबलेलं ६ टन खत तोवर कोरडंच सावलीत, ताडपत्रीखाली ठेवा. ते कोरडं असताना त्यात काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. फक्त अवकाळीत भिजू देऊ नका, भिजलं की आपोआप तापतं आणि नत्र घालवून बसतं. बाग कापणीला आलेली असेल तर केळीचे खांब चिरून ढिगात टाका. खांबात नव्वद टक्के पाणी असतं. एक टन खांब म्हणजे ९०० लिटर पाणी फुकट. सुरुवातीच्या भिजवणीला पर्याय नाही, पण पलट्यांच्या वेळचं बरंच पाणी त्यात भागतं.

---

माती_धुळे:

माती परीक्षणाच्या नेहमीच्या पत्रिकेत सामू, क्षारता, कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं येतात, औषधाचे अंश नाहीत. ते किलोला मायक्रोग्रॅममध्ये मोजायला अन्नातले अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र लागतं आणि एका नमुन्याचा खर्च तुमच्या दोन टन खताच्या वर जाऊ शकतो. त्यापेक्षा शेडवाल्याकडून बॅचचं कार्ड मागा: औषधाचं नाव, किती दिवस, कोणत्या वयात. त्यावरून वर केला तसा हिशेब पाच मिनिटांत होतो.

मात्र जस्त आणि तांबं नेहमीच्या तपासणीत येतं, ते दर दोन वर्षांनी बघा. कोंबडीखाद्यात दोन्ही असतात, आणि ढीग कितीही तापला तरी धातू तुटत नाहीत. जस्ताची आपल्या जमिनीत कमतरताच आहे, त्याचं स्वागत. तांबं चढत चाललं तर पोल्ट्रीखत थांबवा, कारण तांबं सोसणाऱ्या जिवाणूंमध्ये अँटिबायोटिक सोसण्याची जनुकं बऱ्याचदा डीएनएच्या त्याच तुकड्यावर जोडीने असतात. औषध संपून गेलं तरी तांबं त्यांना पोसत राहतं.